गळ्याचा सातबारा

हुबळीचा गोकुळ रोड गाण्यासाठी कोणी ओळखत नाही. विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्या, मोठं बसस्थानक, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचं मध्यवर्ती कार्यालय, औद्योगिक वसाहतीतली शेडं आणि उरलेल्या जागेत दुकानं. गाण्याच्या शोधात आलेला माणूस इथं थांबत नाही. तो गंगूबाई हनगलांचं घर कुठं म्हणून विचारतो, नाहीतर रेल्वेत बसून पुढं कुंदगोळ गाठतो. पण गाणं आणि पैसा यांची गाठ कशी पडते हे बघायचं असेल, तर मैफलीपेक्षा असा रस्ता बरा.

लग्नसराईतली एखादी सकाळ धरू. कल्याण मंटपात नवरीकडची मंडळी मराठी बोलणारी, नवऱ्याकडची कन्नड, आणि पंगतीत वाढणाऱ्याला दोन्ही भाषा येतात. अक्षता पडायला अजून अवकाश आहे, म्हणून कोणीतरी स्पीकरवर भीमसेन जोशींचा 'तीर्थ विठ्ठल' लावतो. भीमसेन गदगचे, म्हणजे इथून दीड-एक तासावरचे, त्यामुळे तो अभंग आपलाच आहे असं दोन्ही बाजूंना वाटतं. कायद्याच्या हिशेबात मात्र तो कोणाचा?

जमिनीचा मालक ठरवायला आपण सातबारा काढतो. मुंबई इलाख्याच्या दिवसांपासून धारवाडकडेही 'उतारा' हा शब्द रुळलेला आहे. गाण्याचा उतारा काढला तर एका गाण्यावर एक नाव निघत नाही. शब्द नामदेवांचे. त्यांच्यावर आज कोणाचा हक्क नाही, ते गायरान आहे, कोणीही गुरं सोडावीत. चाल राम फाटक यांची. चाल ही स्वतंत्र मिळकत आहे, आणि ती संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याची, त्याच्या वारसांची किंवा त्यानं जिला विकली त्या कंपनीची असते. ध्वनिमुद्रण ही तिसरी मिळकत. ती ज्यानं पैसे घालून मुद्रण करवलं त्याची, आणि प्रसिद्धीनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालते. १९६५ साली बाजारात आलेली तबकडी १ जानेवारी २०२६ला मोकळी झाली, ती अशी. पण तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं नाही. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत कुलूपबंद. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्याचा मजला आधी रिकामा होतो, तळघर नंतर.

हा ६०चा आकडा कुठून आला, ते सांगण्यासारखं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मृत्यूनंतरची मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ संपताच त्यांचं सगळं लेखन आणि गाणी मोकळी होणार होती. त्यांच्या विश्वभारती संस्थेचं त्या उत्पन्नावर आणि त्याहून जास्त गाण्यांच्या शुद्धतेवर लक्ष होतं. वर्ष संपायला काही दिवस उरले असताना वटहुकूम निघाला आणि सगळ्या देशाच्या लेखकांना, गीतकारांना, कंपन्यांना दहा वर्षं वाढवून मिळाली. धारवाडच्या साधनकेरीत राहणारे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत. ते १९८१ साली गेले. एका बंगाली कवीच्या पुण्याईनं त्यांच्या कविता आता २०३१ऐवजी २०४१ अखेरपर्यंत वारसांकडे राहतील.

मंटपातल्या स्पीकरकडे परत येऊ. हे गाणं चारचौघांत वाजवायला परवाना लागतो का? लग्नात नाही. कायद्याच्या ५२व्या कलमात सवलतींची लांबलचक यादी आहे, तिच्यात धार्मिक विधी येतात, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर समारंभही घातलेले आहेत. तरी कार्यालयांकडे परवान्याची मागणी होत राहिली, म्हणून केंद्र सरकारनं जुलै २०२३मध्ये जाहीर सूचना काढून लग्नात वाजणाऱ्या गाण्यांवर रॉयल्टी मागू नये असं सांगितलं. गोवा सरकारनं जानेवारी २०२४मध्ये त्याच धर्तीचं परिपत्रक काढलं. गोव्यात लग्न म्हणजे किनाऱ्यावरच्या हॉटेलात तीन दिवसांचा सोहळा, डीजे आणि लाखोंचा हिशेब. संगीत कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. कलम आहे तसं आहे, त्यावर सरकारी कागद चिकटवून हक्कदारांची दारं बंद करता येत नाहीत, असा त्याचा आशय. सवलत राहिलीच, पण अमुक कार्यक्रम लग्नाचा भाग की नुसती पार्टी, हे भांडण प्रत्येक वेळी नव्यानं करायची मोकळीकही राहिली. त्याच मंटपात ३१ डिसेंबरला तिकीट लावून नाचगाणं ठेवलं तर मात्र भांडायलाही जागा नाही. हॉटेलात, दुकानात, व्यायामशाळेत दिवसभर वाजणाऱ्या गाण्यांनाही ही सूट नाही. गोकुळ रोडवरच्या कित्येक गल्ल्यांवर बसलेल्यांना हे ठाऊक नसतं. ठाऊक होतं ते नोटीस आली की.

आता त्या उताऱ्याकडे पुन्हा एकदा पाहा. शब्दकार आला, चाल बांधणारा आला, कंपनी आली. ज्याच्यासाठी पाहुण्यांनी बोलणं थांबवलं तो माणूस कुठंच आला नाही. गाणारा. कायद्याला कागद आधी दिसला, मग तबकडी दिसली, आणि गळा दिसायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. हुबळी-धारवाडच्या भागाची सगळी श्रीमंती गळ्यात, त्यामुळे या उशिराचा जाच इथं जितका कळतो तितका मुंबईच्या स्टुडिओतही कळत नाही.

गंगूबाई १९१३ साली धारवाडात जन्मल्या आणि पुढे आईबरोबर हुबळीत आल्या. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. गंगूबाईंनी हिंदुस्थानी गाणं धरलं आणि कुंदगोळच्या रामभाऊंकडे, म्हणजे सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून रेल्वेनं जा-ये केली. हे सवाई गंधर्व कन्नड घरातले, आणि गाजले मराठी संगीत नाटकांच्या रंगभूमीवर. त्या काळात या पट्ट्यात भाषेची सीमा गाण्याला आडवी येत नव्हती. १९३०च्या दशकात एचएमव्हीनं गंगूबाईंच्या तबकड्या काढल्या, त्यांत मराठी भावगीतंही होती, जी. एन. जोशींबरोबरची द्वंद्वगीतंही. तबकडीवर नाव मात्र छापलं 'गांधारी'.

म्हणजे गळा गंगूबाईंचा, नाव कंपनीच्या सोयीचं. हे बेकायदेशीर होतं का? अजिबात नाही. १९१४चा कायदा हा १९११च्या इंग्रजी कायद्याचीच इथली आवृत्ती होती, आणि त्यात तबकडीचा 'कर्ता' म्हणजे मूळ साचा ज्याच्या मालकीचा तो. गाणाऱ्याचं नाव लेबलावर काय लिहायचं, लिहायचं की नाही, याबद्दल कायदा अवाक्षर काढत नव्हता. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं पहिल्यावहिल्या मुद्रणांच्या शेवटी आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं उच्चारलं होतं. साचे छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या कारागिराला कोणतं लेबल कुठं डकवायचं ते कळावं, हा त्यामागचा व्यवहार. आज ऐकताना मला त्यात वेगळंच काही ऐकू येतं: उताऱ्यावर नाव लागणार नाही हे ओळखून बाईनं ते मिळकतीतच कोरून ठेवलं. असं तिच्या मनात नसेलही.

१९५७चा कायदा स्वतंत्र भारताचा. तो जानेवारी १९५८मध्ये अमलात आला. त्यात 'सांगीतिक कृती'ची व्याख्या अशी होती की स्वरांची रचना छापलेली, लिहिलेली किंवा रेखांकित केलेली हवी. पाश्चात्त्य संगीतकार आधी कागदावर लिहितो आणि मग वाद्यवृंद वाजवतो, त्याला ही व्याख्या चपखल. आपल्याकडे किराणा घराण्याचा गवई यमन मांडतो तेव्हा तो कुठल्या कागदावर असतो? बंदिशीच्या दोन ओळी फार तर वहीत सापडतील. आलाप, बढत, तानांची ती वीण, श्रोता ज्यासाठी उठून आलेला असतो ते सगळं, कायद्याच्या दृष्टीनं हवेत विरलं. भातखंडे आणि पलुस्करांनी स्वरलिपी आणल्या होत्या, पण स्वरलिपीतून भीमसेन उभे राहत नाहीत, हे त्या दोघांनीही मान्य केलं असतं.

ही विसंगती सर्वोच्च न्यायालयात १९७७ साली उघडी पडली. प्रश्न चित्रपटगीतांचा होता: निर्मात्यानं पैसे देऊन गाणं करवून घेतल्यावर गीतकार-संगीतकारांच्या संस्थेला चित्रपटगृहांकडून वेगळी रॉयल्टी मागता येते का? निकाल निर्मात्यांच्या बाजूनं गेला, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर पहिला मालक निर्माताच. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात गाणाऱ्याची बाजू काढली. कायदा ज्याला संगीत म्हणतो ते लिहिलेले स्वर आहेत, गाणाऱ्याचा आवाज नाही, आणि भारतीय संगीताचा प्राण तर गायनातच आहे, अशी खंत व्यक्त करून त्यांनी संसदेनं याकडे बघावं असं सुचवलं. संसदेला बघायला आणखी १७ वर्षं लागली.

त्याआधीच हे भांडण स्टुडिओत पेटून गेलं होतं. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी लावून धरलं की गाणं विकलं जातंय तोवर गाणाऱ्यालाही वाटा हवा. महंमद रफींचं म्हणणं, निर्मात्यानं बिदागी दिली, गाणं झालं, हिशेब मिटला. यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं सोडलं. रफींच्या दिलदारीच्या गोष्टी सांगताना हा प्रसंग नेहमी येतो आणि त्यात लताबाई हिशेबी ठरतात. मला तसं वाटत नाही. वडील दीनानाथ नाटक कंपनी चालवत होते. ती बुडाल्यावर घराचं काय होतं, हे ज्या मुलीनं तेराव्या वर्षी पाहिलं, तिला गाण्याचं उत्पन्न गाणाऱ्याबरोबर संपता कामा नये हे इतरांच्या आधी कळलं, एवढंच.

१९९४च्या दुरुस्तीनं व्याख्येतली लिहिण्याची अट काढली. स्वरलिपी असली तर ती कृतीत धरली जाईल, नसली तरी बिघडत नाही. त्याच दुरुस्तीनं 'सादरकर्त्याचा हक्क' खऱ्या अर्थानं आणला: गायक, वादक, नर्तक, नट, अगदी गारुडी आणि डोंबारीही कायद्यानं त्यात मोजले आहेत. मैफलीत परवानगीशिवाय कोणी ध्वनिमुद्रण केलं तर तो या हक्काचा भंग. मुदत आधी २५ वर्षं होती, ती १९९९ साली ५० झाली. २०१२ साली, जावेद अख्तर राज्यसभेत असताना, आणखी मोठी दुरुस्ती झाली. तिनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला असा वाटा दिला जो करारानंसुद्धा सोडून देता येत नाही. गाणाऱ्याला व्यापारी वापरात हिस्सा मिळाला, आणि दोन नैतिक हक्क मिळाले: माझं नाव लावा, आणि माझं गाणं मोडतोड करून माझी अप्रतिष्ठा करू नका. 'गांधारी' छापणं आज घडलं तर गंगूबाईंना न्यायालयात जायला कलम आहे. कलम आलं ते त्या गेल्यावर तीन वर्षांनी.

मैफलीतल्या मुद्रणाबद्दल एक खाजगी अडचण सांगून टाकतो. या भागात आणि इकडे मिरज, सांगली, पुण्यात ज्यांच्या घरी जुन्या स्पूल आणि कॅसेटी आहेत अशी माणसं मी पाहिली आहेत. कोणाच्या दिवाणखान्यात बुवा रंगले होते, कोपऱ्यात टेप चालू होता. बुवांना ते माहीत असायचं, कधी नसायचं. पुढं त्या टेपच्या प्रती हातोहात फिरल्या, आणि आज मल्लिकार्जुन मन्सुरांचा एखादा अवघड राग ऐकायला मिळतो तो कित्येकदा याच चोरवाटेनं. कायदा कठोर वाचला तर यातले बरेच जण गुन्हेगार ठरतील. न वाचला तर गवयाच्या दाराशी उभा राहून कोणीही त्याचा माल नेईल. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढं दिसतं की स्पूल जपणाऱ्या त्या माणसानं कधी पैसा केला नाही, आणि तीच टेप आपल्या वाहिनीवर चढवून जाहिरातींचं उत्पन्न घेणारा मात्र त्याच्याच रसिकतेची शाल पांघरतो.

कायदा यायच्या आधी आपल्याकडे नावाची काही सोयच नव्हती असं मात्र समजू नये. सोय होती, आणि ती चांगली जुनी होती. 'तुका म्हणे' ही सही आहे. बंदिशीत 'सदारंग' येतो, 'प्रेमपिया' येतो, जगन्नाथबुवा पुरोहितांचा 'गुनिदास' येतो, त्याही सह्याच. बसवण्णांच्या वचनाच्या शेवटी येणारा 'कूडलसंगमदेव' ही कन्नडमधली अंकितमुद्रा. रचना तोंडातून तोंडात जाणार, कागद नाही, म्हणून नाव रचनेतच विणायचं. साळोमालोनं तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवले अशी जी कथा वारकरी परंपरेत सांगतात, तिच्यात नेमकी चोरी काय? मुद्रेची. अभंग गायला कोणाची ना नव्हती, सही पुसायला होती.

आणि हे पुराणातलं वांगं नाही. लिंगायत धर्मगुरू माते महादेवी यांनी 'बसव वचन दीप्ती' हा वचनसंग्रह काढताना 'कूडलसंगमदेव'च्या जागी 'लिंगदेव' घातलं. कर्नाटक सरकारनं १९९८ साली पुस्तक जप्त केलं, खटला चालत राहिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. बाराव्या शतकातल्या कवीच्या सहीवरून एकविसाव्या शतकात दिल्लीत निकाल! गंमत अशी की कॉपीराइट कायदा इथं उपयोगाचाच नव्हता. बसवण्णांचे हक्क कोणाकडेच नाहीत, लेखकाचा नैतिक हक्क चालवायचा तर कायदेशीर प्रतिनिधी हवा. मग धार्मिक भावना दुखावल्याचं फौजदारी कलम पुढं करावं लागलं. ज्या रचना सगळ्यांच्या झाल्या त्यांची सही सांभाळायला आपल्याकडे एवढं एकच बोथट हत्यार आहे, आणि ते माझ्या मते पुस्तकावर चालवण्यासारखं नाही.

संगीत नाटकवाल्यांची रीत याहून मोकळी होती. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कानडी चाली त्यांच्या कानावर लहानपणापासून, आणि मराठी नाट्यपदांत त्या बिनदिक्कत आल्या. पण जुनं नाटकाचं पुस्तक उघडून बघा. पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' म्हणून लिहून पुढं मूळ गाण्याचे दोन-तीन शब्द दिलेले असतात. उसनवारी लपवायची नाही, दारावर पाटी लावायची. पाटी लावली म्हणजे पैसे द्यावे लागत नसत, हेही खरं.

या पाटीचीच किंमत काय, हा वाद अलीकडे दिल्लीत गाजला. 'पोन्नियिन सेल्वन'च्या दुसऱ्या भागातलं ए. आर. रहमान यांचं 'वीरा राजा वीरा' हे गाणं आपल्या वडिलांनी आणि काकांनी बांधलेल्या 'शिवस्तुती'वरून घेतलं आहे, असा दावा धृपद गायक वासिफुद्दीन डागर यांनी केला. नासिर फैयाजुद्दीन आणि जहिरुद्दीन डागर ही ती जोडी. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'डागरवाणी परंपरेतल्या धृपदावर आधारित' अशा अर्थाची ओळ होती. म्हणजे चाल कुठली ते सांगितलं, चाल कोणाची ते नाही. एप्रिल २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी डागरांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला: दोन्ही उस्तादांची नावं घाला आणि २ कोटी रुपये न्यायालयात जमा करा. सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं तो आदेश रद्द केला. एखादी रचना कोणी गायली, तिचं ध्वनिमुद्रण केलं, म्हणून ती त्यानंच बांधली असं प्रथमदर्शनी सिद्ध होत नाही, हा त्याचा गाभा.

खंडपीठाचं तर्कशास्त्र समजण्यासारखं आहे. सवाई गंधर्वांनी गायलेली प्रत्येक चीज त्यांची मानली तर त्यांच्या गुरूंना, अब्दुल करीम खाँसाहेबांना, काय उरलं? पण या तर्काची दुसरी बाजू अशी की घराण्यात बंदिश बांधली जाते तेव्हा पुरावा म्हणून मागं काय राहतं? शिष्याची आठवण, मैफलीचं मुद्रण आणि नाममुद्रा. नोंदणी कार्यालयाची पावती नाही. १९९४ साली लिहिण्याची अट दाराबाहेर काढली होती, ती पुराव्याच्या खिडकीतून परत आत आली. आजच्या तरुण गवयांना माझा सल्ला रुक्ष आहे: नवी बंदिश बांधलीत की तारीख घालून मुद्रित करून ठेवा, मुद्रा घाला, आणि गुरूला आवडणार नसेल तर गुरूलाही विचारून करा.

इथवर निदान भांडण गाण्याचं होतं. आता ते गळ्याचंच झालं आहे. २९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं आशा भोसले यांच्या अर्जावर आदेश दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं पुरवणाऱ्या कंपन्या त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल उपलब्ध करून देत होत्या, काही विक्रेते त्यांची छबी वस्तूंवर छापत होते. न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी त्यांना मनाई केली. त्याआधी जुलै २०२४मध्ये न्यायमूर्ती रियाज छागला यांनी अरिजित सिंग यांना असंच संरक्षण दिलं होतं. कोणाही माणसाच्या आवाजाचं रूपांतर प्रसिद्ध गायकाच्या आवाजात करून देणारं साधन त्या गायकाच्या संमतीशिवाय पुरवणं हाच व्यक्तित्वाच्या हक्काचा भंग, असं त्या आदेशात म्हटलं आहे.

हा 'व्यक्तित्वाचा हक्क' कॉपीराइट कायद्यात शोधू नका, सापडणार नाही. कुठल्याच एका कायद्यात सापडणार नाही. खासगीपणाचा अधिकार, व्यापारचिन्हाचा कायदा, दुसऱ्याच्या नावावर माल खपवण्याला असलेली जुनी मनाई आणि सादरकर्त्याचे नैतिक हक्क, असे चार तुकडे शिवून न्यायालयांनी ही गोधडी केली आहे. २०१० साली दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्या गाण्याची ओळ म्हणणाऱ्या बाहुल्यांवरून दिल्लीत खटला झाला, तेव्हा तिची सुरुवातीची ठिगळं पडली. त्या निकालात न्यायालयानं एक गोष्ट आवर्जून नोंदवली होती: प्रसिद्ध माणसाची नक्कल, विडंबन, व्यंगचित्र हे सगळं या हक्काखाली दडपता येणार नाही.

ती नोंद पुढे उपयोगी पडली. अनिल कपूर २०२३ साली आपलं नाव, चेहरा, आवाज आणि 'झकास' हा शब्द घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पुढच्या वर्षी जॅकी श्रॉफ 'भिडू' घेऊन गेले. दोघांना संरक्षण मिळालं. एका यूट्यूबरनं जॅकीवर केलेल्या विनोदी व्हिडिओला मात्र न्यायालयानं लगेच हात लावला नाही, कारण त्यातली गंमत ही त्या मुलाची अभिव्यक्ती होती. मराठी वाचकाला यात वेगळीच चुटपुट लागेल. 'झकास' आपल्या बाजारातला शब्द, 'भिडू' आपल्या खेळातला. विटीदांडूत भिडू मागताना कोणाची परवानगी लागत नाही आणि पुढंही लागणार नाही. त्या माणसाचा भास करून देऊन माल विकायचा असेल तेव्हाच तो शब्द त्याचा. पण अशा आदेशांची बातमी होते ती 'अमुक शब्दावर अमुक नटाचा हक्क' अशी, आणि मग साधा हॉटेलवाला पाटी रंगवायला घाबरतो.

या सगळ्यात हयात असलेल्यांची सोय झाली. गेलेल्यांचं काय? सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी चित्रपटाविरुद्ध दाद मागितली तेव्हा २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की व्यक्तित्वाचे आणि खासगीपणाचे हक्क माणसाबरोबर संपतात, ते वारसाहक्कानं येत नाहीत. शेतजमीन मुलाला मिळते, वडिलांचा आवाज मिळत नाही. भीमसेन २०११ साली गेले, गंगूबाई २००९ साली हुबळीत गेल्या. त्यांचा आवाज उद्या कोणी यंत्राला शिकवला तर वारसांच्या हातात उरतात ते ध्वनिमुद्रणाचे जुने हक्क, आणि तेही बहुतेक वारसांचे नाहीत, कंपन्यांचे किंवा आकाशवाणीचे आहेत.

गंगूबाईंच्या बाबतीत तर हिशेब आणखी विचित्र होतो. 'गांधारी'च्या त्या तबकड्या १९३०च्या दशकातल्या. १९३५ची तबकडी धरली तर जुन्या ५० वर्षांच्या मुदतीप्रमाणे ती १९८५ अखेरीस मोकळी झाली, रवींद्रनाथांसाठी मुदत वाढली त्याच्याही आधी. ती आज कोणीही वाजवावी, विकावी, यंत्रात घालावी. पण त्या तबकडीवर जो आवाज आहे तो बारीक, उंच पट्टीतला, तरुण मुलीचा आहे. पुढं टॉन्सिलवरच्या उपचारानंतर त्यांचा गळा बदलला, भारी आणि रुंद झाला. न पाहता ऐकणाऱ्याला गाणारी बाई की बुवा असा प्रश्न पडावा असा तो आवाज, आणि जग ज्याला गंगूबाई म्हणून ओळखतं तो हाच. त्याच्या पुष्कळ मुद्रणांची मुदत अजून संपलेली नाही. तेव्हा एखाद्यानं कायदा पाळून, एकही परवाना न मागता, फक्त मोकळ्या तबकड्यांवरून गंगूबाईंचा आवाज यंत्राकडून घडवून घेतला, तर गाऊ लागेल ती गांधारी. हुबळीत तिला कोणी ओळखणार नाही.